बालीच्या सहलीत फसवणूक कशी टाळावी? अनुभव आणि सल्ले हवे आहेत

कर्वेनगरची_अनघा
यंदा गुढीपाडव्याच्या आठवड्यात मी, माझे पती, सासूबाई आणि कॉलेजात शिकणारी मुलगी असे चौघे जण बालीला जाण्याचे ठरवत आहोत. येथील एका प्रवास कंपनीने सहलीचा आराखडा दिला असून त्यात उबुद, उलुवाटूचे मंदिर, लेम्पुयांगचे मंदिर आणि पाडव्याच्या दिवशी बोटीने नुसा पेनिडा बेट असा कार्यक्रम आहे. नातेवाइकांकडून मात्र इतक्या सूचना येत आहेत की आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटू लागली आहे. एक जण सांगतो की पैसे बदलणारे लुटतात, दुसरा म्हणतो की टॅक्सीवाले लुटतात, आणि आत्याबाईंच्या मते तर माकडेही लुटतात. यांतील खरे धोके कोणते आणि सांगोवांगीच्या गोष्टी कोणत्या, हे प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सांगावे. सगळा वेळ संशयाने वागणे मला जमणार नाही. नेमके कोठे सावध राहायचे एवढेच समजले तरी पुरे.

सनदी_सदाशिव
पैसे बदलणाऱ्यांचा धोका अगदी खरा आहे आणि त्याची पद्धत ठरलेली असते, म्हणून ती सविस्तर लिहितो. कुटा किंवा लेगियान भागातल्या एखाद्या गल्लीत, बहुधा कपड्यांच्या किंवा शोभेच्या वस्तूंच्या दुकानाच्या कोपऱ्यात, एक फलक असतो आणि त्यावरचा दर बँकेपेक्षाही चांगला असतो. तेथेच शंका यायला हवी, कारण बँकेपेक्षा चांगला दर देऊन कोणी धंदा करत नाही. तुम्ही १०० डॉलर दिलेत तर साधारण साडेसोळा लाख रुपिया (इंडोनेशियाचे चलन) मिळायला हवेत. एक लाखाच्या नोटा दिल्या तर सोळा-सतरा नोटांत काम होते. हा मनुष्य मात्र वीस हजारांच्या नोटा काढतो, म्हणजे ऐंशीच्या वर नोटा मोजाव्या लागतात. तुम्ही मोजता आणि रक्कम बरोबर भरते. मग तो ‘एकदा खात्री करतो’ म्हणून गठ्ठा परत घेतो, टेबलावर आपटून नीट करतो आणि त्या क्षणात काही नोटा टेबलामागे पडतात. तुम्ही खिशात टाकता तो गठ्ठा न मोजलेला असतो.

उपाय सोपा आहे. शेवटची मोजणी तुमच्या हातची असावी आणि त्यानंतर गठ्ठ्याला कोणाचाही हात लागता कामा नये. गणकयंत्र स्वतःच्या फोनमधले वापरावे. बँक इंडोनेशियाची परवानगी असलेल्या केंद्रांवर तसे अधिकृत चिन्ह लावलेले असते. तेथे काचेआडची खिडकी असते आणि छापील पावती मिळते. डॉलर नेणार असाल तर कोऱ्या, न दुमडलेल्या आणि नव्या मालिकेच्या नोटा न्या, कारण जुन्या नोटांना कमी दर देण्याची सबब तेथे हमखास पुढे येते.

दुपारची_झोप
साडेसोळा लाख खिशात घेऊन फिरण्याची संधी पुण्यात घर न विकता मिळत असेल, तर मी थोडीशी फसवणूक सहन करायला तयार आहे.

पानशेतकर
झोपसाहेब, त्या शून्यांतच खरी गोम आहे. एक लाखाची आणि दहा हजारांची नोट अंधारात किंवा घाईत सहज बदलली जाते. सुटे परत घेताना दुकानदाराने दहा हजारांना एक लाख म्हटले आणि आपण मान हलवली, असे घडू शकते. सध्या एका भारतीय रुपयाला साधारण १८५ ते १९० रुपिया मिळतात. म्हणून किमतीची शेवटची तीन शून्ये झाकून उरलेल्या आकड्याला साडेपाचने गुणले की रुपयांतील किंमत जवळपास मिळते. मुलीला हा हिशेब पाठ करायला सांगा. सासूबाईंना तो बहुधा तिच्याही आधी जमेल.

टॅक्सीबद्दल सांगायचे तर मीटर लावणारी विश्वासार्ह कंपनी म्हणजे ब्लू बर्ड. तिच्या गाड्या फिकट निळ्या असतात, पण त्याच रंगाच्या आणि पक्ष्यासारखे चिन्ह लावलेल्या नकली गाड्याही रस्त्यावर असतात. पुढच्या काचेवर ‘ब्लू बर्ड ग्रुप’ असे पूर्ण नाव आहे का ते पाहावे, किंवा कंपनीच्या ॲपवरूनच गाडी बोलवावी. ग्रॅब आणि गोजेक या ॲपवरून मागवायच्या गाड्याही चालतात, मात्र उबुद आणि चांगूच्या काही भागांत स्थानिक चालकांचा त्यांना विरोध असल्यामुळे चालक आत येत नाही आणि तुम्हाला मुख्य रस्त्यापर्यंत चालत यायला सांगतो. ही फसवणूक नव्हे. तो त्यांचा आपापसातला वाद आहे.

मुळाकाठ
मला येथे थोडे वेगळे मत मांडायचे आहे. पर्यटकाला स्थानिक माणसापेक्षा जास्त भाव सांगणे आणि त्याची फसवणूक करणे या दोन गोष्टी आपण सरसकट एकाच पोत्यात भरतो. सारोंगची, म्हणजे तिथल्या लुंगीसारख्या वस्त्राची, किंमत दोन लाख सांगितली आणि तुम्ही ऐंशी हजारांना घेतली, तर त्यात कोणी कोणाला फसवले? रात्री अकरा वाजता पुणे स्टेशनवर उतरलेल्या परगावच्या माणसाला रिक्षावाला जो दर सांगतो, तो काही बालीहून शिकून आलेला नसतो. ज्या व्यवहारात किंमत आधी सांगितली गेली आणि तुम्ही ती स्वीकारली, तो महाग असेल पण खोटा नसतो. गठ्ठ्यातून नोटा पाडणे ही मात्र चोरीच आहे. अनघाताईंनी हा फरक मनात ठेवला तर निम्मी धास्ती आपोआप कमी होईल, आणि पन्नास-शंभर रुपयांसाठी हुज्जत घालण्यात सहलीची संध्याकाळ वाया जाणार नाही.

सनदी_सदाशिव
मुळाकाठ, तत्त्व मान्य आहे, पण किंमत ‘आधी सांगितली’ असे बऱ्याचदा होतच नाही. देवळाच्या दारात एखादा मनुष्य आपण होऊन बरोबर चालू लागतो, माहिती सांगतो आणि बाहेर पडताना पाच लाख मागतो. बेसाकीहच्या मोठ्या मंदिराविषयी ही तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. ‘आज आत पूजा चालू आहे, मार्गदर्शकाशिवाय जाता येणार नाही’ हे वाक्य तेथे अनेकांनी ऐकले आहे. अशा ठिकाणी अधिकृत खिडकीवर तिकीट घ्यावे, त्यात काय काय समाविष्ट आहे हे तेथेच विचारावे आणि नंतर भेटणाऱ्या प्रत्येकाला हसून नकार द्यावा.

लाल_डबा
सगळ्यांची चर्चा वाचली, पण मूळ लेखातल्या एका वाक्याकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. अनघाताई, तुमच्या आराखड्यात पाडव्याच्या दिवशी नुसा पेनिडाची सहल आहे ना? २०२६ चा गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि त्याच दिवशी बालीत न्येपी आहे. न्येपी म्हणजे बालीच्या हिंदूंचे शक नववर्ष. आपण गुढी उभारतो, तर ते लोक पूर्ण दिवस मौन पाळतात. सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत विमानतळ बंद, दुकाने बंद, रस्ते रिकामे, मोबाइलवरचे इंटरनेटही बंद आणि पर्यटकांना हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकण्याची मनाई असते. नुसा पेनिडा हा बाली प्रांताचाच भाग आहे, त्यामुळे तेथे बोटही जात नाही.

याचा अर्थ तुम्हाला जी सहल विकली जात आहे ती होऊच शकत नाही. कंपनीला हे ठाऊक नसेल तर तिने बालीच्या सहली विकू नयेत, आणि ठाऊक असेल तर तुम्ही ज्याची चौकशी करत आहात ते संकट कुटाच्या गल्लीत नसून तुमच्या टेबलावरच्या कागदात आहे.

कर्वेनगरची_अनघा
बाप रे! हे आम्हाला कोणीच सांगितले नव्हते. लगेच कंपनीकडे विचारणा करते. अजून आगाऊ रक्कम भरलेली नाही, एवढे बरे.

नुसताच_वाचक
एरवी मी फक्त वाचतो, पण लाल_डबा यांच्या प्रतिसादासाठी आज खाते उघडून आत आलो. न्येपी टाळलीच पाहिजे असे मात्र नाही. आदल्या संध्याकाळी ओगोह-ओगोह नावाच्या राक्षसांच्या प्रचंड प्रतिमांची मिरवणूक निघते आणि ती पाहण्यासाठी लोक मुद्दाम जातात. फक्त तो दिवस हॉटेलात जाणार हे गृहीत धरून कार्यक्रम आखावा आणि त्या दिवसाच्या ‘स्थलदर्शना’चे पैसे देऊ नयेत.

सीमोल्लंघन
लाल_डबा यांचा मुद्दा पुढे नेतो, कारण याच व्यवसायात मी काही काळ काम केले आहे. माझ्या मते पुणेकरांचे बालीच्या नावावर जाणारे पैसे बहुतांशी पुण्यातच जातात. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत जो आकडा असतो, त्यात काय नाही ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत असते. विमानतळावर मिळणाऱ्या व्हिसाचे ५,००,००० रुपिया आणि बाली प्रांताने १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू केलेला १,५०,००० रुपियांचा पर्यटक कर हे दोन्ही प्रत्येक माणसामागे बहुधा वगळलेले असतात. हॉटेलच्या नावापुढे ‘ऑर सिमिलर’ असे लिहिलेले असते आणि समुद्रकाठच्या हॉटेलचे ‘सिमिलर’ आयत्या वेळी पेट्रोल पंपामागे निघते. गाडी तुमच्या कुटुंबापुरती आहे की इतर प्रवाशांसोबत सामायिक आहे, हेही स्पष्ट केलेले नसते. सामायिक गाडीचा चालक तुम्हाला चांदीच्या, बाटिकच्या आणि कॉफीच्या दुकानांत तासन्‌तास बसवतो, कारण त्याची खरी कमाई तेथल्या कमिशनवर असते.

म्हणून हॉटेलचे नाव, खोलीचा प्रकार, गाडीचे स्वरूप आणि वगळलेले खर्च हे सर्व ईमेलवर लेखी घ्या आणि हॉटेलला स्वतः पत्र पाठवून तुमच्या नावाचे आरक्षण झाले आहे का ते विचारा. पैसे कंपनीच्या खात्यावरच भरा. ‘जीएसटी वाचवायचा असेल तर माझ्या वैयक्तिक नंबरवर पाठवा’ असे कोणी म्हणाले की तेथून उठावे, कारण पावती नसेल तर पुढे ग्राहक आयोगासमोर दाखवायला हातात काहीच राहत नाही. तक्रार करायची वेळ आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

टिकलूची_आई
यात मॉलमधल्या सोडतीही जोडा! नाव आणि फोन नंबर लिहून चिठ्ठी टाकली की चार दिवसांनी ‘अभिनंदन, आपल्याला तीन रात्रींची मोफत सहल लागली आहे, पती-पत्नींनी मिळून भेटवस्तू घ्यायला यावे’ असा फोन येतो. तेथे दोन-तीन तास सादरीकरण चालते आणि शेवटी काही लाखांचे सदस्यत्व आजच्या आज घ्या असा तगादा लागतो. आमच्या शेजाऱ्यांनी ते घेतले. हव्या त्या तारखांना एकदाही खोली मिळाली नाही आणि वार्षिक देखभाल शुल्काची मागणी मात्र न चुकता येते. बालीत हाच प्रकार कुटाच्या रस्त्यावर खरवडायच्या कार्डाने चालतो. तुमच्या हातातल्या कार्डावर पहिले बक्षीस निघते आणि ते घेण्यासाठी दूरच्या एखाद्या हॉटेलात जावे लागते.

दुपारची_झोप
दोन-तीन तास सादरीकरण, वातानुकूलित सभागृह आणि वर चहा-बिस्किटे? सदस्यत्व न घेता डुलकी काढून येण्यासारखी जागा दिसते.

हिंगणे_खुर्द
स्कूटरचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहितो, कारण पुणेकर बालीला गेला की पहिल्याच सकाळी स्कूटर भाड्याने घेतो. तेथे तीन गोष्टींत अडचण येते. पहिली म्हणजे मालक अनामत म्हणून मूळ पासपोर्ट मागतो. तो देऊ नये, छायाप्रत आणि रोख अनामत द्यावी. पासपोर्ट एकदा त्याच्याकडे गेला की गाडी परत देताना जुन्या ओरखड्याची भरपाई तुम्हाला निमूट द्यावी लागते. ताब्यात घेतानाच गाडीभोवती फिरून, मालक चौकटीत दिसेल असे चित्रीकरण करावे. फुकेतच्या पाटाँग किनाऱ्यावर जेट स्कीबाबतही हीच युक्ती खेळली जाते आणि तेथेही हेच चित्रीकरण उपयोगी पडते; थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

दुसरी गोष्ट परवान्याची. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओकडून मिळतो आणि तो एक वर्ष चालतो, पण मूळ परवान्यावर फक्त मोटारीची नोंद असेल तर त्याने दुचाकी चालवता येत नाही. वैध परवाना नसताना अपघात झाला तर प्रवास विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि ही रक्कम कोणत्याही भामट्याने लुबाडलेल्या रकमेपेक्षा कितीतरी मोठी असते. तिसरी गोष्ट म्हणजे पोलीस. हेल्मेट नसेल तर ते थांबवतात आणि जागेवरच रोख मागितल्याच्या तक्रारी आहेत. अधिकृत दंडपावतीला तेथे ‘तिलांग’ म्हणतात. ती नम्रपणे मागावी.

मुळाकाठ
हेल्मेट नसल्यामुळे पोलिसाने दंड मागितला, तर त्याला फसवणूक म्हणण्याचा हक्क निदान पुणेकरांना तरी नाही.

पानशेतकर
आता आत्याबाईंच्या माकडांबद्दल लिहितो, कारण त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. उलुवाटूच्या मंदिरातली माकडे चष्मे, टोप्या आणि फोन हिसकावतात आणि खाऊ मिळाल्याशिवाय परत करत नाहीत. यावर कॅनडा आणि इंडोनेशियातील संशोधकांनी मिळून अभ्यास केला असून तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुभवी माकडांना कोणत्या वस्तूला माणूस जास्त किंमत देतो हे कळते आणि फोन किंवा चष्म्याच्या बदल्यात ती अधिक चांगला खाऊ मिळेपर्यंत अडून बसतात, असे त्यात दिसले. वस्तू सोडवून देणारे कर्मचारी तेथे असतात. आपण स्वतः ओढाताण करू नये, चावा बसला तर रेबीजच्या लशीपर्यंत प्रकरण जाते. सासूबाईंचा चष्मा पर्समध्ये आणि पर्स चेन लावून पोटाशी, एवढे केले की झाले.

सीमोल्लंघन
लेम्पुयांगबद्दल मुलीला आधीच सांगून ठेवा. तेथल्या मंदिराच्या प्रवेशद्वाराच्या प्रसिद्ध छायाचित्रात जे तळे दिसते ते तेथे नाही. छायाचित्रकार फोनच्या भिंगाखाली आरसा धरतो आणि त्यात दाराचे प्रतिबिंब पडते. त्या एका छायाचित्रासाठी गर्दीच्या दिवसांत कित्येक तास रांगेत थांबावे लागते. मंदिर सुंदर आहे, मात्र तळे पाहायला जाणाऱ्याची निराशा होते.

कॉफीच्या मळ्यातही असेच असते. चहा-कॉफीचे बारा-पंधरा लहान पेले फुकट चाखायला देतात, त्यानंतर लुवाक कॉफीच्या कपाचे वेगळे पैसे घेतात आणि मग दुकानात नेतात. लुवाक म्हणजे आपले उदमांजर. रानात मोकळेपणी फिरणाऱ्या प्राण्याची कॉफी म्हणून जे विकले जाते, त्यासाठी बऱ्याच ठिकाणी ही जनावरे लहान पिंजऱ्यांत कोंडलेली असतात. मला तरी ती पाहवली नाहीत.

कोळंबीभात
एवढे सगळे सांभाळण्यापेक्षा अंदमानला का जात नाही? भाषा आपली, चलन आपले.

लाल_डबा
कोळंबीभात, अंदमान उत्तमच आहे, पण तेथे काहीच होत नाही असे समजू नका. स्वराज द्वीपावर, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवर, स्कूबाचा दर स्वस्त सांगतात आणि पाण्याखालची छायाचित्रे व चित्रफीत यांचे पैसे बाहेर आल्यावर वेगळे मागतात. काही दलाल बाराटांगच्या वाटेवर जारवा आदिवासी दाखवतो असे सुचवतात, तो तर सरळ गुन्हा आहे. प्रवाळाचा तुकडा ‘चालतो’ म्हणून विकला जातो आणि विमानतळावर अडकतो तो विकत घेणारा. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

सनदी_सदाशिव
कार्ड आणि व्हिसा यांविषयी राहिलेले लिहून टाकतो. व्हिसा आधी ऑनलाइन काढणार असाल तर इंडोनेशियाच्या सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट ‘डॉट गो डॉट आयडी’ असा असतो. शोधयंत्रात वर येणारी, हुबेहूब दिसणारी खासगी स्थळे त्याच कामाचे भरमसाट जादा पैसे घेतात. आगमनाचे ऑनलाइन घोषणापत्र तर पूर्णपणे मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागितले की ते स्थळ खोटे समजावे.

परदेशातील व्यवहारांची सोय कार्डावर आपण सुरू केल्याशिवाय चालू होत नाही, ही रिझर्व्ह बँकेची २०२० पासूनची व्यवस्था आहे. ती निघण्याच्या दिवशी सुरू करावी, मर्यादा कमी ठेवावी आणि परतल्यावर बंद करावी. एटीएम शक्यतो बँकेच्या इमारतीतलेच वापरावे. यंत्राने ‘भारतीय रुपयांत आकारू का’ असे विचारले तर नकार द्यावा आणि रुपियाच निवडावे, कारण रुपयांत आकारताना दर यंत्रवाले लावतात आणि तो तुमच्या बँकेपेक्षा बहुधा महाग असतो. अनोळखी व्यवहाराचा संदेश आला तर त्याच दिवशी बँकेला कळवावे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, आपली किंवा बँकेची चूक नसताना त्रयस्थ ठिकाणच्या त्रुटीमुळे रक्कम गेली आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. आपणच पिन किंवा ओटीपी सांगितला असेल तर मात्र हे संरक्षण मिळत नाही.

कर्वेनगरची_अनघा
सर्वांचे मनापासून आभार. कंपनीच्या कार्यालयात जाऊन आले. न्येपीचा विषय काढल्यावर समोरच्या गृहस्थांनी प्रथम ‘तेथे गेल्यावर बघू’ असे उत्तर दिले. लेखी द्यायला सांगितल्यावर ‘तो दिवस हॉटेलात विश्रांतीचा धरा’ असे म्हणाले, पण बोटीचे पैसे कमी करायला तयार झाले नाहीत. हॉटेलचे नाव विचारले तर सीमोल्लंघन यांनी लिहिलेला तोच शब्द ऐकायला मिळाला. त्यामुळे ती कंपनी सोडली आहे. विमानाची तिकिटे आणि हॉटेल आम्हीच थेट आरक्षित करणार आहोत, आणि सासूबाईंच्या आग्रहावरून एप्रिलमधल्या तारखा पाहत आहोत, कारण पाडव्याला गुढी घरीच उभी राहिली पाहिजे असे त्यांचे म्हणणे आहे.

आता एकच शंका उरली आहे. तेथे फिरण्यासाठी दिवसभराची गाडी ठरवायची झाली, तर चालकाशी आधी काय काय बोलून घ्यावे?

टिकलूची_आई
कंपनीचे नाव सांगा ना, म्हणजे बाकीचे सावध होतील.

मुळाकाठ
नाव येथे लिहू नये असे मला वाटते. एकाच भेटीवरून जाहीर आरोप केला तर वाद वाढतो. ज्यांना हवे त्यांनी अनघाताईंना व्यक्तिगत निरोप पाठवून विचारावे.

पानशेतकर
गाडीचे सांगतो. चालकासह दहा तासांच्या गाडीला साधारण ६ ते ८ लाख रुपिया पडतात. पेट्रोल, पार्किंग आणि चालकाचे जेवण त्यात धरले आहे का, वेळ संपल्यावर तासाला किती, आणि उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे लांब गेल्यास वेगळा आकार आहे का, हे आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या, म्हणजे पुरावा राहतो. कोणत्याही दुकानात थांबायचे नाही हेही तेथेच लिहा; चालक कमिशन बुडाल्यामुळे थोडा हिरमुसतो, पण काम नीट करतो. पैसे संध्याकाळी हॉटेलवर परत सोडल्यावर द्यावेत आणि ते मोजून द्यावेत, कारण त्या शून्यांत आपणच चुकून दहापट देऊन बसण्याची शक्यता तितकीच असते. तुम्ही चौघे आहात, त्यामुळे सामानासह विमानतळावरून येताना मोठी गाडी लागेल, ती मात्र हॉटेललाच पाठवायला सांगा.

कर्वेनगरची_अनघा
हे सर्व लिहून घेतले. हॉटेलला आजच पत्र पाठवते.